चौथ्या टाकीवरची ताडपत्री

शेवाळ दिसलं की माणसाला आधी खराटा आठवतो. मलाही आठवायचा. चौथ्या टाकीच्या काठाला पहिल्यांदा तो निळसर हिरवा, बुळबुळीत पापुद्रा धरला तेव्हा मी ब्रश घेऊन वाकलेच होते. तेवढ्यात पाणी तपासायला आलेली नळीवाली मागून ओरडली, "हात लावू नकोस! तू त्याला घाण म्हणतेस, आणि ते तुझी घाण काढतंय."

माझी घाण. बोलली ते खोटं नव्हतं.

आमचा कारखाना प्लेटिंगचा. नळाच्या तोट्या, दारांच्या मुठी, सायकलींची हँडलं, दवाखान्यातल्या खाटांचे दांडे, असला कळकट माल आमच्याकडे येतो आणि झगमगत बाहेर जातो. आधी तांब्याचा थर, वर निकेलचा. प्रत्येक टाकीतून काढला की माल पाण्यात विसळायचा, आणि विसळलेलं पाणी कुठे जातं ते कुणी विचारायचं नाही. धंद्याची खरी चमक ती. सकाळी दात घासताना तुम्ही ज्या तोटीत स्वतःचं तोंड बघता, तिचं धुवण कुणाच्या तरी दारात गेलेलं असतं.

आमचं गेलं माझ्या सख्ख्या बहिणीच्या दारात.

ताईची रोपवाटिका नाल्याच्या खालच्या अंगाला आहे, कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. तीन वर्षांपूर्वी आठवड्याभरात तिची सगळी रोपं पिवळी पडली. मग पानांच्या कडा जळाल्या, मुळं काळी झाली. ताई मेलेल्या रोपांची टोपली घेऊन थेट कारखान्यात आली आणि अप्पांच्या पायांशी उपडी केली. अप्पा म्हणजे आमचे वडील. चाळीस वर्षं निकेलच्या टाकीवर उभे होते. त्यांनी निकेल चढवलेल्या मालात डोळ्यांतल्या लाल शिरासुद्धा मोजता यायच्या, म्हणून सगळे त्यांना आरसेमास्तर म्हणायचे.

"अप्पा, हे तुमच्या टाकीतलं ना?" ताईनं विचारलं.

अप्पांनी मान वरसुद्धा केली नाही. "मी माल चढवतो. पाण्याचं मालकांना विचार."

त्या दिवसापासून ताईनं आमचा उंबरा सोडला. माझ्याशी बोलते, मी खाली गेले तर. अप्पांचं नाव निघालं की पाण्याची झारी उचलून दुसऱ्या वाफ्याकडे जाते.

ओरड झाली तेव्हा सरकारी माणूस आला. नाल्याच्या तोंडाशी लोखंडी झडप बसवून तिला सील ठोकून गेला. तेव्हापासून आमचं पाणी टँकरनं जातं. कुठे, ते पुन्हा कुणी विचारत नाही. नाल्याला पाणी होतं ते आमचंच, त्यामुळे नाला कोरडा पडला आणि ताई तीन वर्षं नळावरून बादल्या वाहते आहे.

आता त्या शेवाळाचं सांगते.

धुवणासाठी वेगळ्या चार टाक्या आहेत. पहिल्या तीन टाक्यांत आम्ही चुना घालून जड गाळ खाली बसवतो. वरचं निवळलेलं पाणी मागच्या अंगणातल्या चौथ्या टाकीत जातं. ते काचेसारखं दिसतं. पण दिसण्यावर जाऊ नका, त्यात तांबं आणि निकेल उरलेलं असतंच. अगदी थोडं. रोप मारायला पुरेल इतकं. त्या पाण्यात मासा जगला नसता, बेडूक जगला नसता. तिथे हे आलं. कुणी आणलं नाही, कुणी पेरलं नाही.

नळीवाली पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतली. तिच्या खिशात काचेच्या नळ्या असतात, त्यामुळे ती येण्याआधी किणकिण येते. ती म्हणाली, हे खरं तर शेवाळसुद्धा नव्हे. हे सायनोबॅक्टेरिया, नीलहरित जीवाणू. या पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा नव्हती, तेव्हा यांनी ऊन खाऊन ती तयार केली.

"मग विष पिऊन मरत कसे नाहीत?"

"फार झालं तर मरतात. पण तुला ज्याची किळस येते ना, तो चिकटपणा, तोच त्यांचा कोट. तांबं आणि निकेल त्या चिकात अडकून पडतं. तरी काही आत घुसलंच तर आत त्याला घट्ट बांधून ठेवणारी प्रथिनं असतात. गाठोडं करून कोपऱ्यात ठेवून देतात. आणि उरलंसुरलं परत बाहेर ढकलतात."

"म्हणजे बायकांसारखंच," मी म्हटलं. "बरंचसं अंगाला लावून घ्यायचं नाही, काही बोलून टाकायचं, आणि बाकीचं गाठोड्यात बांधून जगायचं."

नळीवाली इतकी हसली की नळ्या वाजल्या.

तिनं दर महिन्याला एक बाटली न्यायचं ठरवलं. ओळीनं तीन बाटल्या स्वच्छ निघाल्या की झडपेचं सील निघणार होतं. पहिली स्वच्छ निघाली. दुसरीही. मी धावत खाली जाऊन ताईला सांगितलं. तिनं बाराशे पिशव्या मातीनं भरून ठेवल्या होत्या. वर न बघता म्हणाली, "पाणी येऊ दे. मग बघू घरी यायचं."

हे मी अप्पांना सांगितलं, आणि तिथून अप्पा बदलले.

अप्पा निवृत्त झालेले. पूर्वी आमच्याकडे क्रोमही चढवायचे, त्याच्या वाफांनी त्यांच्या नाकाच्या आतला पडदा केव्हाच खाऊन टाकला आहे, भोक पडलं आहे तिथे. फूल असो की उकिरडा, त्यांना सगळं सारखंच. ते रोज जेवून अंगणात यायचे, चौथ्या टाकीशेजारी स्टूल टाकून बसायचे. दुपारी ऊन टाकीच्या तळापर्यंत पोचलं की त्या पापुद्र्यात बारीक बारीक बुडबुडे भरायचे. अख्खा पापुद्रा सैल व्हायचा आणि झोपेत कूस बदलावी तसा हळूहळू वर तरंगत यायचा. वर आला की त्याच्या कडा हलायच्या. वारा नसला तरी हलायच्या. नीट पाहिलं तर ते केसांहून बारीक धागे होते, आणि प्रत्येक धागा आपापला सरकत होता, उजेडाकडे, घाई न करता, जणू त्याच्यापाशी लाखो वर्षं शिल्लक होती. संध्याकाळी सगळं पुन्हा तळाशी.

बघता बघता आपणही सैल पडायचो. यंत्रांचा आवाज भिंतीपलीकडे राहायचा. मला वाटायचं, कारखाना, मालक, टँकर, सगळं आत्ताच कुठे आलंय आणि थोड्याच वेळात जाणार आहे. हे हिरवं तेवढं आधीपासून आहे आणि मागाहूनही असेल.

एकदा अप्पा अर्धवट डुलकीतच बोलले, "अगं, हे तर आपलंच काम करतंय."

"कुठलं?"

"धातू अंगावर चढवून घेतंय की. फक्त चमकत नाही." त्यांनी एक डोळा उघडला. "चाळीस वर्षं मी चमकवलं. न चमकणारं प्लेटिंग पहिल्यांदाच बघतोय."

मग त्यांनी स्वप्न सांगितलं. नाल्याला पाणी आलंय, आणि त्या पाण्यावरून ते चालत खाली जातायत. पायाखाली हे हिरवं, मऊ, बुडू न देणारं. खाली ताई पाठमोरी उभी. ती वळणार तेवढ्यात जाग आली.

"वळली असती का गं?" त्यांनी मला विचारलं. माझं तर स्वप्न निराळंच असायचं. शहरातल्या सगळ्या चकचकीत तोट्या एकदम सुटल्यात आणि प्रत्येकीतून हिरवे धागे येतायत, लोकांच्या हातांवर, तोंडांवर, शर्टांवर, आणि सगळे अखेर बघतायत की हे कुठून आलं. अप्पांचं स्वप्न प्रेमळ होतं, माझं नव्हतं.

तिसऱ्या बाटलीला पंधरा दिवस उरले असताना मालकांनी मला त्यांच्या मेव्हण्याच्या कारखान्यात पाठवलं. तिथल्या नव्या टाक्या लावून द्यायच्या होत्या, मुक्काम तिथेच. जाताना मी अप्पांना तीनतीनदा बजावलं. खरडायचं नाही. चुना इकडे येऊ द्यायचा नाही. पाणी आटू द्यायचं नाही.

"मला शिकवतेस? टाकी सांभाळायला?" अप्पा म्हणाले. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून टाक्या सांभाळतोय."

तेच तर झालं.

पंधराव्या दिवशी सकाळी परतले. अंगणात पाऊल टाकलं आणि नाकाला पदर लावला. कुजका, गोडसर, घशात बसणारा वास. चौथ्या टाकीवर फळ्या, फळ्यांवर काळी ताडपत्री, ताडपत्रीच्या कडांवर विटा. कोपरे असे दुमडून खोचलेले, जसं आजारी माणसाला पांघरूण घालावं. शेजारी स्टुलावर अप्पा. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला रडूच आलं.

"तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्यानं पॉलिशची चाकं बाहेर मांडली," ते म्हणाले. "धूळ बघ केवढी उडते. पण आत एक कण पडू दिला नाही."

प्लेटिंगवाल्याच्या घरात मूल बोलायला लागण्याआधी एक गोष्ट शिकतं. टाकी उघडी टाकायची नाही. धुळीचा एक कण निकेलमध्ये गेला की सगळ्या मालावर पुरळ उठतं. उघड्या टाकीपायी अप्पांनी जाणती माणसं कामावरून घरी पाठवलीयत. मला स्वतःला दोन थोबाडीत बसल्यात. या माणसाला एखादी टाकी आवडली तर तो काय करणार? झाकणार. जितकी जास्त आवडली तितकी घट्ट.

मी विटा काढल्या, ताडपत्री ओढली, फळ्या बाजूला केल्या. पाणी तपकिरी होतं. पापुद्रा फाटून लगद्यासारखा तरंगत होता, आणि बोट लावलं की विरघळत होता. नळीवालीनं दिलेल्या कागदी पट्ट्या माझ्याजवळ होत्या. तांबं असलं की पट्टी जांभळी होते. गेले दोन महिने ती पांढरीच राहत होती. आज बुडवली आणि पाच मोजायच्या आत वांग्याच्या रंगाची झाली.

सगळी गाठोडी सुटली होती. धातू काही नाहीसा होत नसतो. त्यांनी तो धरून ठेवला होता, एवढंच. जिवंत होते तोवर धरला. मेल्यावर कोण धरणार?

मालक माझ्यामागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही. पट्टी बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मायेचा.

"तीन वाजता ती बाई येईल. बाटली नेहमी तूच भरून देतेस ना? नळाचं भर."

"आणि सील निघाल्यावर हे पाणी?"

"जाईल हळूहळू. पातळ होऊन जातं सगळं. अगं, तुझ्या बहिणीच्याच भल्याचं सांगतोय. पाणी आलं की ती घरी येईल. आणि आरसेमास्तरांना कळायला कशाला हवं? म्हातारा माणूस, खचेल. ताडपत्री टाक परत."

मालक मूर्ख असते तर बरं झालं असतं. मला नेमकं कुठे दाबलं की दुखतं हे त्यांना ठाऊक होतं. मी खरंच बाटली घेऊन नळापर्यंत गेले. लाज वाटते, पण गेले. नळाला आमचीच तोटी, आमच्याच निकेलची. तिच्यात माझं तोंड लांबट, वाकडं दिसत होतं. मला ताईच्या बाराशे पिशव्या दिसल्या. ताई घरी येतेय, अप्पा दार उघडतायत. मग आठवड्यानं पहिलं पान पिवळं पडतंय. आणि या वेळी टोपली घेऊन ती माझ्यासमोर उभी राहणार, आणि मी म्हणणार, मालकांना विचार.

बाटली तिथेच ठेवून मी अंगणात आले.

"अप्पा, ते मेलं."

"काय मेलं?"

"शेवाळ. त्याला ऊन लागतं. तुम्ही झाकलंत, अंधारात मेलं, कुजलं. पाण्यात सगळं तांबं परत आलंय."

"वेडी आहेस का? एक कण धूळ..." ते म्हणाले, आणि मग उठून टाकीशी आले. बाही सरकवून कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर लगदा वर काढला. त्यांच्या बोटांतून तो गळत राहिला आणि ते बघत राहिले. हातातलं मेलेलं आहे हे चाळीस वर्षं मालावरून बोट फिरवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

"वास येतोय?"

"येतोय."

"किती दिवस?"

"मला काय ठाऊक? मी आजच आले."

"कुणी सांगितलं कसं नाही मला?"

"मागच्या दारानं येतो कोण इकडे?" मी म्हटलं. आणि माझा आवाज चढला. "रोज बघत होतात ना! उन्हात वर येतं, उजेडाकडे सरकतं, तुम्हीच मला दाखवत होतात. मग?"

अप्पा बोटांना चिकटलेला लगदा निपटत राहिले. डोळे बघत होते एक आणि हात करत होते चाळीस वर्षांचं दुसरंच. आणि मी तरी, तीन गोष्टी बजावून गेले, चौथी मला सुचली नाही. मीसुद्धा त्याच घरातली.

तीन वाजता किणकिण आली. मालक पुढे होऊन चहाचं विचारू लागले. मी नळीवालीच्या देखत टाकीत बाटली बुडवली, तपकिरी पाण्यानं भरली आणि तिच्या हातात दिली. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की उद्यापासून मी कामावर आहे की नाही ते मला अजून माहीत नाही. नळीवालीचा चेहरा उतरला. तिनं विचारलं, "हे कुणी केलं?"

मी तोंड उघडलं, पण अप्पांनी हात वर केला. "मी झाकलं. धूळ पडू नये म्हणून."

नळीवाली टाकीच्या काठावर मटकन बसली. "मी खरडू नका म्हटलं होतं," ती म्हणाली. "झाकू नका असं म्हटलंच नाही. सुचलंच नाही मला, कुणी झाकेल म्हणून."

मला तिचाही राग आला. दोन महिने येत होती. पाण्याला शंभर प्रश्न विचारले, अप्पांना एकसुद्धा विचारला नाही की बाबा, तुमच्यात टाकी कशी ठेवतात? पण मग ती बूट काढून, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून टाकीत उतरली, तेव्हा राग अर्धा राहिला.

"मेलेलं सगळं आजच बाहेर काढायचं," ती म्हणाली. "अजून निम्मं तरी तांबं त्याच्याच अंगात आहे. ते सुटायच्या आत. आणि ढीग करून टाकू नका कुठे, झाडाला तर मुळीच नाही. वाळवून डब्यात बंद करायचं. मी घेऊन जाईन."

आम्ही तिघांनी चाळण्यांनी लगदा उपसला. पलीकडच्या कोपऱ्यात ताडपत्रीला कधीतरी खिळा लागून तळहाताएवढं फाटलं होतं, आणि खाली फळ्यांमध्येही नेमकी फट होती. तिथे, बरोबर त्या उजेडाच्या तुकड्याखाली, टाकीच्या भिंतीला हिरवं चिकटलेलं होतं. जिवंत. जवळचे धागे सरकत सरकत तिथे येऊन दाटीवाटीनं बसले होते, एकावर एक. अप्पांनी ते पाहिलं आणि त्यावर ओला हात आडवा धरला, मग सावली पडतेय हे लक्षात येऊन झटकन मागे घेतला.

"यापासून पुन्हा वाढेल," नळीवाली म्हणाली. "दोन-तीन महिने. मग तीन बाटल्या पहिल्यापासून."

अप्पांनी हात धुतले. बाह्या खाली केल्या, बटणं लावली, आणि मागच्या दारातून बाहेर पडले. मला वाटलं घरी निघाले. ते नाल्याकडे वळले. झडपेच्या बाजूनं खाली उतरले आणि कोरड्या नाल्यातून चालू लागले. मी मागोमाग गेले. दगड पांढरे पडलेले, मधूनमधून जुना हिरवा डाग, तांब्याचा. उतरतं ऊन समोरून येत होतं आणि अप्पा त्यात पुसट दिसत होते. दोनदा थांबले, दम लागला म्हणून. मागे वळले नाहीत.

ताई पिशव्यांना भोकं पाडत बसली होती. तिनं अप्पांना पाहिलं आणि मला विचारलं, "ह्यांना कशाला आणलंस?"

"मी नाही आणलं. तेच पुढे होते."

अप्पा वाफ्याबाहेर उभे राहिले. "पाणी येणार नाही," ते म्हणाले.

"वाटलंच होतं मला. काय केलं तुमच्या मालकानं?"

"मालकांनी नाही. मी केलं." अप्पांचा श्वास नाकातल्या भोकातून शीळ घालत होता. "धूळ उडत होती, मी टाकी झाकली. ऊन तोडलं त्याचं. मेलं सगळं." मग म्हणाले, "तुझी रोपंही मीच मारली होती. तू विचारायला आलीस तेव्हा मला ठाऊक होतं. माझंच पाणी होतं ते."

ताईचा हात चालूच राहिला. एक पिशवी, दुसरी, तिसरी. भोक, भोक, भोक. चौथीला थांबला.

"कशानं झाकलीत?"

"ताडपत्रीनं. काळ्या."

"एक पदरी?"

"दोन."

"दोन पदरी!" ताईच्या तोंडून हसू की हुंदका, काहीतरी निसटलं. ते तिनं मनगटानं पुसून टाकलं. "आरसेमास्तरांनी करायचं म्हणजे अर्धवट नाही करायचं." ती उठली, छपरात गेली आणि जाड पारदर्शक प्लास्टिकची गुंडाळी खांद्यावर घेऊन आली. रोपांवर घालते ती. अप्पांसमोर ठेवली. "हे घाला. धूळ अडते, ऊन अडत नाही. पण पाण्याला टेकवू नका, कमानी करून वर ताणा. आणि दोन्ही टोकं उघडी, नाहीतर उकडून मरेल."

अप्पांनी गुंडाळी उचलली. पेलवेना, म्हणून एक टोक मी धरलं.

"मी येते उद्या, कमानी बसवून देते," ताई म्हणाली. "टाकीवर येते, घरी नाही. घराचं मी अजून काही ठरवलेलं नाही."

"बरं," अप्पा म्हणाले.

आम्ही नाल्यातून वर निघालो. पुढे अप्पा, मागे मी, मध्ये प्लास्टिक झोके खात, त्यात उतरतं ऊन भरलेलं. वीसेक पावलं गेलो असू, तर मागून ताईचा आवाज आला, नाल्याच्या दोन्ही काठांवर आपटत.

"आतून दव धरलं की रोज सकाळी झटकायचं! ऐकू आलं का, अप्पा?"

"आलं!" अप्पा इतक्या मोठ्यानं ओरडले की त्यांना ठसका लागला, आणि तो जाईपर्यंत आम्ही तिथेच, कोरड्या नाल्याच्या मधोमध, गुंडाळी धरून उभे राहिलो.